तट आधी की वस्ती आधी, हे कळतं कसं? (धोलावीरा)

रणवाट:
कच्छमधलं धोलावीरा हे हडप्पा संस्कृतीचं जुनं शहर बघून आलो, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. बालेकिल्ल्यापाशी गाईड म्हणाला की तट अगदी पहिल्या टप्प्यापासूनचा आहे, नंतर तो अजून रुंद केला. आता कच्च्या विटांची भिंत, तिच्यावर तारीख थोडीच असते, मग हे ठरवतात कसं? आणि शत्रूसाठीच होता कशावरून? दोन्ही अंगांना मनसर आणि मनहर हे ओढे आहेत, पुराचं पाणी अडवायला नसेल बांधला?

थरवाली:
भिंतीकडे बघून नाहीच कळत. कळतं ते भिंतीखालच्या आणि भिंतीला भिडलेल्या मातीवरून. तट आडवा कापतात, म्हणजे बाहेरून आत असा चर घेऊन पार मूळ जमिनीपर्यंत खाली जातात. पायाखालच्या खापरांत जे सगळ्यात अलीकडचं असेल त्याच्या आधीचा तट असूच शकत नाही, आणि जे थर तटाला येऊन टेकलेत ते तटानंतरचे. वय या दोघांच्या मध्ये कुठेतरी. हडप्प्याला १९४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरनी हेच केलं, पायाशी जवळपास १४ मीटर रुंद तट कापला तर खाली वेगळ्याच धाटणीची, आधीची खापरं निघाली, म्हणजे तटाआधी तिथे माणसं राहत होती. पूर्वी भिंत लागली की तिच्या कडेकडेनं खणत जायचे, भिंत छान मोकळी व्हायची पण तिला टेकलेले थर कायमचे गेले, मला याचं खरंच फार वाईट वाटतं.

खापरखुळा:
+१. फक्त विटांच्या आत सापडलेल्या खापरांवर जाऊ नका, माती जुन्या वस्तीतून उचललेली असली तर खापर विटेपेक्षा कितीतरी जुनं निघतं. कोळशाचंही तेच, तो कुठल्या थरात होता हे माहीत नसेल तर कार्बन डेटिंग करून काय उपयोग.

पुराचं म्हणाल तर मला फक्त पुराचं पटत नाही. बालेकिल्ला, शेजारची बेली (बालेकिल्ल्याला लागून असलेला तटबंद भाग), मधलं नगर यांना आपापले तट आणि शिवाय सगळ्यांना मिळून बाहेरचा एक, साधारण ७७१ बाय ६१६ मीटरचा. पाणीच अडवायचं तर बाहेरचा एक पुरला असता की! उत्तरेच्या दरवाजाला बाजूच्या खोल्या आहेत, सिंधू लिपीतल्या दहा चिन्हांचा तो मोठा फलक तिथेच एका खोलीत मिळाला. कोण आत येतंय यावर नजर होती आणि आपला रुबाबही दाखवायचा होता, असं मला वाटतं. पाण्यासाठी ओढ्यांवर बांध आणि तटाच्या आत मोठाले हौद वेगळे होतेच.

रणवाट:
भारी, धन्यवाद दोघांना! पण रुंद केला ते कसं कळलं?

थरवाली:
जोडावरून. एकाच वेळी बांधलेल्या भिंतीत विटा एकमेकींत गुंतवतात. नंतर भर घातली की जुनी कड तशीच राहते, नवं काम तिला नुसतं चिकटून उभं असतं. कापलेल्या बाजूला ब्रशनं साफ केलं की ती रेघ दिसते, आणि नव्या भागाचा पाया बहुतेकदा जरा वरच्या थरावर बसलेला असतो.