एकटीने जायचं तर शिबिरच का?

सातारकरीण: पहिल्यांदाच एकटी निघायचं म्हणतेय. मैत्रीण म्हणते इगतपुरीला विपश्यना ध्यानाच्या १० दिवसांच्या शिबिराला जा, मला वाटतं कोकणात लॉजवर चार दिवस राहावं?

कृष्णाकाठ: लॉजवाला आधार कार्डाआधी 'सोबत कोण?' विचारतो ओ, मला एकाने फोनवर रूम आहे सांगून दारात नाही म्हटलं, रात्री ९ ला बॅग घेऊन स्टँडवर बसले. शिबिरात बायकांची सोय वेगळी आणि मुख्य म्हणजे भाजी आपण निवडायची नाही!

माहुलीची: पण ताई, पहाटे ४ ची घंटा, मोबाईल जमा, रात्रीचं जेवण नाही, ९ दिवस मौन. फी नाही, शेवटी ऐच्छिक दान.

सातारकरीण: मौन चालेल, घरी कोण गप्प बसू देतंय 😄