देवळातील रॉक कॉन्सर्ट : मंडळीने गायचे की ऐकायचे?

जुना_पेटीवादक

गेल्या शनिवारी पुण्यातील आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ख्रिस्ती रॉक बँडचा कार्यक्रम झाला. त्याविषयी एका तरुण सभासदाने येथे लिहिले की, देवाची उपस्थिती त्याला आयुष्यात प्रथमच त्या संध्याकाळी जाणवली आणि ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकातली गीते आता केवळ अंत्यविधीपुरती उरली आहेत. पहिल्या विधानाबद्दल मला काहीच म्हणायचे नाही. तो त्याचा आणि देवाचा प्रश्न आहे. दुसरे विधान मात्र मनातून जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मी त्या कार्यक्रमाला गेलो होतो. तिसऱ्या बाकावर माझ्या ८१ वर्षांच्या आईशेजारी बसलो होतो. तिने सवयीप्रमाणे गीतांचे पुस्तक पिशवीतून काढून मांडीवर ठेवले होते. बँडने ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एक गीत नव्या चालीत सुरू केले, तेव्हा तिला कोण आनंद झाला! ती बाकाला धरून उभी राहिली आणि गाऊ लागली; पण तिच्या खांद्याला खांदा लावून उभा असूनही मला तिचा आवाज ऐकू आला नाही, आणि माझा मलाही आला नाही. पडद्यावर मराठी शब्द रोमन लिपीत येत होते. दुसऱ्या कडव्याला तिने कानातले यंत्र काढून रुमालात गुंडाळले आणि ती खाली बसली.

माझा आक्षेप गिटारला नाही. व्यासपीठावरच्या पाच जणांसाठी मंडळीतल्या सगळ्यांना गप्प बसवणे याला मी भक्ती म्हणणार नाही.

शनिवारची_ड्रमर

काका, त्या दिवशी ड्रमवर मीच होते, म्हणून उत्तर देणे मला भाग आहे. आजींना त्रास झाला याचे मला मनापासून वाईट वाटते. पण आम्ही कोणाला गप्प बसवले, हे मी मान्य करणार नाही, कारण गप्प तर मंडळी आधीपासूनच होती. मागच्या रविवारच्या उपासनेत मी गायनवृंदाच्या बाकावरून पाहत होते. पेटी वाजत होती, पाळकसाहेब गात होते, पुढच्या दोन रांगा गात होत्या आणि बाकीचे लोक पुस्तक उघडून उभे होते. तिशीच्या आतले आम्ही फक्त अकरा जण होतो. शनिवारी मात्र मुले पायऱ्यांवर बसली होती, आणि त्यांतली कित्येक जण डोळे मिटून गात होती. तुम्हांला ती ऐकू आली नाहीत, एवढेच.

स्तोत्र १५० मध्ये कर्णा, वीणा, डफ, झांजा आणि नृत्यही आहे. ते लिहिणाऱ्याने आवाजाची मर्यादा घालून दिलेली नाही. कॅलिफोर्नियात कोस्टा मेसा येथील कॅल्व्हरी चॅपल या चर्चने १९७० च्या सुमारास अनवाणी, केस वाढवलेल्या हिप्पी मुलांना गिटारसकट आत घेतले, तेव्हाही जुन्या सभासदांना ते रुचले नव्हते. ती मुले बाहेरच राहिली असती तर बरे झाले असते, असे आपण म्हणाल का?

रोमन लिपीबद्दलचा दोष मात्र मान्य. आमचा कीबोर्डवादक शिक्षणासाठी मिझोरमहून आला आहे, त्याला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून तशी अक्षरे ठेवली. पण पडदा मंडळीसाठी असतो, वादकासाठी नव्हे, हे आमच्या लक्षात यायला हवे होते.

नगरची_लेक

तुम्ही दोघेही एका परक्या वाद्याच्या बाजूने दुसऱ्या परक्या वाद्याशी भांडत आहात. काका ज्या पेटीचा अभिमान बाळगतात, त्या हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले. मिशनऱ्यांची पायपेटी नगरला आली, तेव्हा तीही आजच्या ड्रमइतकीच नवखी होती. पुढे आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी घातली, ती हे वाद्य भारतीय संगीताला मानवत नाही याच कारणाने.

खरा तोटा वेगळाच झाला आहे. इंग्रजी चालींत कोंबलेली भाषांतरित गीते मराठी माणसाच्या हृदयाला भिडत नाहीत, हे टिळकांनी ओळखले होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी अभंग, ओव्या आणि पदे लिहिली, ती एवढ्यासाठीच. त्यांच्याही आधी कृष्णराव सांगळे यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. माझे आजोबा एकतारी घेऊन गावोगाव ख्रिस्ती कीर्तन करत. वाड्यावस्त्यांवरचे लोक मध्यरात्रीपर्यंत बसत, आणि ध्रुवपद आले की सगळी सभा उचलून धरी. आज कीर्तन करणारे आमच्या मंडळीत कोणी उरलेले नाही. हा वारसा गिटारने मारला नाही. कीर्तन ‘गावंढळ’ म्हणून शहरातल्या मंडळ्यांनी ते बाजूला सारले, आणि त्यात पेटीवादकही होते.

जुना_पेटीवादक

ताई, हा आरोप मला लागला. पेटी परकी होती हे कबूल. पण तिने गाणाऱ्याला झाकले नाही, त्याला सूर दिला आणि ती मागे राहिली. चाळीस वर्षे मी पेटी वाजवतो आहे. माझ्या गुरूंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की, शेवटच्या बाकावरची म्हातारी ऐकू येईनाशी झाली की भाता हलका कर. कीर्तनाला मी गावंढळ म्हटलेले नाही. उलट २००३ साली कीर्तन सप्ताह व्हावा म्हणून मी पंचकमिटीला अर्ज दिला होता, त्याला उत्तरसुद्धा आले नाही.

आणि ड्रमर मुली, स्तोत्र १५० शेवटपर्यंत वाच. वाद्यांची यादी संपल्यावर शेवटच्या ओळीत श्वास घेणाऱ्या प्रत्येकाने स्तवन करावे असे म्हटले आहे. सगळी वाद्ये त्या ओळीकडे नेण्यासाठी आहेत.

वसईचा_वाचक

आम्ही कॅथलिक या वादातून आधीच गेलो आहोत. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चमध्ये पियानो, ढोल आणि झांजा वाजवण्यास मनाई केली होती. साठ वर्षांनी, १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑर्गनचा मान राखून इतर योग्य वाद्यांना दार उघडले. पुढे १९८७ मध्ये रोमहून चर्चमधील संगीतसभांसाठी स्वतंत्र सूचना आल्या: संगीत पवित्र असावे, प्रवेश विनामूल्य असावा, वेदीचा मान राखला जावा आणि कलाकारांनी वेदीच्या परिसरात बसू नये. संगीतसभा आणि मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मान्य केले की निम्मे भांडण मिटते. तुमच्याकडे शनिवारचा कार्यक्रम होता की उपासना, हे कोणीच स्पष्ट सांगत नाही.

शनिवारची_ड्रमर

पत्रिकेवर ‘स्तुती-संध्या’ असे छापले होते. म्हणजे उपासनाच.

आणि काका, ‘मुली, शेवटपर्यंत वाच’ हे वाक्य मला अपमानास्पद वाटले. मी ते स्तोत्र वडिलांच्या अंत्यविधीत वाचले आहे. वडील गेल्यानंतर दोन वर्षे मी देवळाची पायरी चढले नव्हते. तुमची गीते सुरू झाली की मला ती शवपेटीच दिसायची. तरुण संघाने मला ड्रमवर बसवले, म्हणून मी परत आले. त्या मुलाने अंत्यविधीबद्दल जे लिहिले ते उद्धट होते, पण खोटे नव्हते.

ध्वनियंत्री

मी हेच काम करतो, म्हणून सांगतो. दगडी भिंती आणि उंच छत असलेल्या देवळात आवाज घुमत राहतो. त्यात उघडा ड्रमसेट ठेवला की शब्द बुडतात, आणि मग शब्द वर आणण्यासाठी गायकांचा माइक वाढवला जातो. ड्रमभोवती ॲक्रिलिकचा पारदर्शक पडदा लावा, व्यासपीठावरचे वादकांसाठीचे मॉनिटर स्पीकर काढून त्यांना इअरफोन द्या आणि कर्ण्यांचा रोख छताऐवजी बाकांकडे करा. हा श्रद्धेचा नव्हे, मांडणीचा दोष आहे.

नगरची_लेक

मांडणी सुधारली तरी गाणी इंग्रजी वळणाचीच राहणार. माझा मुद्दा कायम आहे.

जुना_पेटीवादक

वडिलांचे मला ठाऊक नव्हते. ते वाक्य मी मागे घेतो. आमची गीते कोणाला शवपेटी दाखवत असतील, असे माझ्या कधी मनातही आले नव्हते. ती आम्ही अंत्यविधीला धिमी, रडवी करून गातो आणि रविवारीही तशीच ओढतो, ही चूक पेटीवाल्यांची आहे. आवाजाविषयीचे माझे म्हणणे मात्र मी सोडलेले नाही.

शनिवारची_ड्रमर

मीही सोडलेले नाही. पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमात टिळकांच्या गीताचे शेवटचे कडवे ड्रम आणि माइक बंद ठेवून फक्त मंडळीने गायचे, असे मी संघाला सुचवले. तिघांनी विरोध केला, पण ठरले. पडदा देवनागरीत असेल. तुम्ही पेटी घेऊन या.

जुना_पेटीवादक

येईन. पट्टी आधी कळवा. आईचा आवाज आता काळी एकच्या वर जात नाही.