रिट्रीट म्हणजे पार्टी नव्हे

‘मुलगी सोरोरिटीतर्फे लीडरशिप रिट्रीटला चाललीय, म्हणजे तीन दिवस दारूच ना?’ असं एका ताईंनी विचारलंय. (सोरोरिटी म्हणजे अमेरिकी कॉलेजांतली मुलींची संघटना, चॅप्टर म्हणजे तिची एखाद्या कॉलेजातली शाखा.) ताई, चॅप्टर हाऊसमधली शनिवारची रात्र वेगळी आणि हे शिबिर वेगळं. अशा बऱ्याच शिबिरांत दारूला बंदीच असते.

१९८६ साली अल्फा टाऊ ओमेगा या फ्रॅटर्निटीने (मुलांची तशीच संघटना) सुरू केलेलं ‘लीडरशेप’ हे नेतृत्व-शिबिर पुढे स्वतंत्र संस्था झालं, इतकं ते लोकांना पटलं. सकाळचे ‘एकमेकांवर विश्वास ठेवा’छाप खेळ मला तरी कंटाळवाणे वाटतात. खरं काम छोट्या गटांत होतं: नव्या मुलींचा छळ चाललाय आणि करणारी तुमचीच मैत्रीण आहे, तर तिला कसं थांबवाल? हे प्रत्यक्ष वठवून बघायला लावतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात टिमथी पियाझा हा मुलगा फ्रॅटर्निटीच्या दीक्षाविधीत भरपूर दारू पाजल्यावर पडला आणि पुढे दगावला. कित्येक तास कुणी अँब्युलन्स बोलावली नाही. मदत बोलवा म्हणणारा एक जण होता, पण त्याला गप्प केलं. त्याच्या बाजूने उभं राहायचं धाडस आणखी कुणी केलं असतं तर!

खर्चाचं मात्र आधी विचारून घ्या. बरेचदा चॅप्टर किंवा विद्यापीठ काही भार उचलतं.