पाच दिवस डोंगरात पायी फिरायचं आहे, आखणी कशी करावी?

नवावाटसरू:
गाडीतून उतरून पॉइंट बघायचा आणि लगेच पुढे निघायचं, असं फिरणं नको आहे. एखादा डोंगराळ भाग चालूनच समजून घ्यायचा आहे. दोघं आहोत, सपाटीवर दिवसाला १२-१५ किमी चालायची सवय आहे. मुक्कामाची गावं २००० मीटरच्या आसपास, खिंडी ३००० पर्यंत. रोज मुक्काम हलवावा की एकाच गावी राहावं? आणि दिवसाचं अंतर किती धरावं?

सोंडवाट:
पहिल्या तीन रात्री एकच गाव, एकच खोरं. पाठीवर १२ किलोंऐवजी ४-५ किलो राहतात, हा एक फायदा. त्याहून मोठा असा, की तेच खोरं तीन उंचींवरून दिसतं. पहिल्या दिवशी ओढ्याकाठची वाट, दुसऱ्या दिवशी एखादी सोंड (डोंगरातून खाली उतरत आलेली धार), तिसऱ्या दिवशी खिंडीपर्यंत जाऊन परत. वस्ती कुठल्या उतारावर आहे, पाणी कुठून येतं, खिंड नेमकी तिथेच का, हे आपोआप उलगडतं. चौथ्या दिवशी सगळं सामान घेऊन खिंड ओलांडा आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरा. पाचवा दिवस मोकळा ठेवा. हवा बिघडली की तोच कामी येतो.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा. नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हिशोब आजही चालतो: ५ किमीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे १२ किमी आणि ९०० मीटर चढ असेल तर साधारण चार तास. हा सलग चालीचा हिशोब आहे. थांबे आणि खराब वाट धरून दीडपट करा, सहा तास. उतरताना वेळ वाचेल असं धरू नका. तीव्र उतार आणि घसारा (सुट्या दगडमातीचा घसरडा उतार) चढाइतकाच वेळ खातात.

कंटूरवाला:
वरच्या हिशोबाला नकाशा हवाच. १:५०,००० नकाशात १ सेंमी म्हणजे ५०० मीटर. कंटूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटरचे असतील आणि एका सेंटिमीटरात पाच रेषा येत असतील, तर चढ १०० मीटरचा, आरामात जमतो. दहा रेषा आल्या की दम लागणार. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा. पण १५ मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये लपू शकतो, तो नकाशात दिसणारच नाही. रेषांचं टोक चढाकडे वळलं तर घळ, उताराकडे वळलं तर सोंड.

लोक चुकतात ते ढोरवाटांवर. ढोरवाट आडवी जाते, फाटे फुटतात आणि चराईच्या जागी विरते. गावांना जोडणारी वाट खिंडीच्या रोखाने वळणं घेत सतत चढते. वाट हरवली तर शेवटच्या खात्रीच्या जागेवर मागे या. ओढ्याने खाली उतरायचा मोह कटाक्षाने टाळा, पुढे धबधब्याचा कडा येऊन अडकायला होतं.

नवावाटसरू:
बूट आणि पाण्याचं काय?

घसारा:
बूट अर्धा नंबर मोठे घ्या, नाहीतर उतारावर अंगठ्याची नखं काळी पडतात. उतरण्याआधी घोट्याजवळची नाडी घट्ट करा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. टाच चुरचुरली की त्याच क्षणी थांबून टेप लावा. फोड आल्यावर उशीर झालेला असतो.

पाणी तासाला अर्धा लिटर, कडक उन्हात जास्त. ओढ्याचं पाणी खळखळ उकळा: एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. बर्फ वितळून येणारा ओढा सकाळीच ओलांडा, दुपारी पाणी चढतं. ओलांडताना सॅकचा कंबरपट्टा सोडून ठेवा, पडलात तर सॅक झटकन टाकता आली पाहिजे.

वीज-वादळं बहुतेक दुपारी येतात. त्यामुळे पहाटे निघा, बारापर्यंत खिंडीत नाही पोचलात तर तिथूनच मागे वळा. दर १००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं आणि वर वाराही असतो, तेव्हा खाली ऊन असलं तरी गरम कपडा सॅकमध्ये हवाच.

सोंडवाट:
मुक्काम २००० वर असल्याने उंचीचा त्रास सहसा होऊ नये. तरी खिंडीत डोकं दुखून मळमळलं, तर थांबून वाट बघू नका, उतरा. आणि निघण्याआधी मुक्कामाच्या घरी कुठली खिंड, कुठली वाट, किती वाजेपर्यंत परत, हे कागदावर लिहून द्या.