पुण्याहून स्वतःच्या गाडीने ताडोबा: गेट, मार्ग आणि मुक्काम यांचा मेळ कसा घालावा? (मदत हवी आहे)

सहलखोर
डिसेंबरच्या सुट्टीत ताडोबाला जायचं आहे. गाडी सात आसनी, डिझेल. माणसं सहा: आम्ही दोघं, मुलं (११ आणि ७), आई-बाबा सत्तरीच्या आसपास. बाबांना कंबरेचा त्रास आहे.
बेत असा: शनिवारी पहाटे निघून समृद्धीने एका दमात पोचायचं. रविवारी सकाळी, सोमवारी दुपारी आणि मंगळवारी सकाळी सफारी, बुधवारी परत. कोलारा गेटजवळ एक रिसॉर्ट बघून ठेवलंय, पैसे अजून भरलेले नाहीत. सफारीच्या जागा मात्र मोहर्ली गेटला दिसताहेत.
मार्ग कोणता घ्यावा? एका दिवसात जमेल का? गाडीचं काय काय तपासून घेऊ?

बांबूबन
पैसे भरू नका, आधी हे वाचा.
कोलारा जंगलाच्या उत्तरेला, चिमूरच्या बाजूला. मोहर्ली दक्षिणेला, चंद्रपूरच्या बाजूला. नकाशावर दोन्ही जवळ दिसतात, पण मधे कोअर, म्हणजे जंगलाचा संरक्षित गाभा आहे आणि त्यातून तुमची गाडी जाऊ देत नाहीत. बाहेरून वळसा घालायला दोन तास धरा. सकाळच्या सफारीला उजाडायच्या आत गेटवर हजर व्हायचं असतं. म्हणजे कोलाऱ्याला राहून मोहर्लीची सफारी करायची तर रात्री तीनला आई-बाबांना उठवावं लागेल.
क्रम असा ठेवा: आधी सफारी, मग त्याच गेटजवळचा मुक्काम, मग मार्ग. कोलाऱ्याला राहायचंच असेल तर कोलारा किंवा नवेगाव गेटचं बुकिंग बघा, ही दोन्ही एका अंगाला आहेत. मोहर्लीला राहिलात तर मोहर्ली आणि खुटवंडा. बरीच रिसॉर्ट्स जाहिरातीत नुसतं ‘ताडोबा गेटपासून पाच मिनिटं’ लिहितात, कोणतं गेट ते फोन करूनच विचारावं.
दुसरं, कोअर मंगळवारी बंद असतं. तुमची तिसरी सफारी तिथेच गळली. बफरच्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलाच्या गेटांचे वार बुकिंगच्या पानावर दिसतील. मोहर्लीच्या बाजूला आगरझरी, देवाडा, जुनोना आणि कोलाऱ्याच्या बाजूला अलिझंझा, मदनापूर ही बफर गेटं आहेत. बफर म्हणजे उरलंसुरलं जंगल असं समजू नका, वाघ कोअर-बफरची रेघ बघून फिरत नाही.
बुकिंग फक्त वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून करा. नावं आणि ओळखपत्रांचे क्रमांक नीट टाका. गेटवर तेच मूळ ओळखपत्र बघतात, मुलांचंसुद्धा. ऐनवेळी माणूस बदलता येत नाही.

मैलाचा दगड
बांबूबनशी सहमत. मोहर्ली धरून मार्ग सांगतो.
पुणे–अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर, तिथे माळीवाडा किंवा सावंगीला समृद्धीवर चढा. वर्ध्यासाठी येळाकेळीला उतरा. पुढे हिंगणघाट–वरोरा–भद्रावती–चंद्रपूर–मोहर्ली. कोलारा ठरलं तर वरोऱ्यातूनच चिमूरचा रस्ता धरायचा, चंद्रपूरला जायचं नाही. एकूण साडेसातशे ते आठशे किलोमीटर.
एका दिवसात गाडी पोचते. माणसं पोचतात का, हा प्रश्न आहे. मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असताना थांबे धरून तेरा-चौदा तास लागतील. म्हणजे शेवटचा टप्पा अंधारात, आणि नेमका तोच सगळ्यात वाईट. वरोरा-चंद्रपूर पट्ट्यात कोळशाचे ट्रक, पुढे मोहर्लीच्या रस्त्यावर जंगल. रानडुक्कर आणि नीलगाय दिव्यांच्या उजेडात भांबावून गाडीसमोरच येतात. शनिवारी वर्ध्यात मुक्काम करा. रविवारी नाश्ता करून निघालात तरी दुपारच्या सफारीला वेळेत पोचाल. मग रविवार दुपार, सोमवार सकाळ, सोमवार दुपार अशा तीन सफाऱ्या कोअरमध्येच बसतात आणि मंगळवार परतीला मोकळा राहतो.
पुण्यातून चारला निघा, वाघोली-शिक्रापूर-रांजणगाव उजाडायच्या आत मागे पडायला हवं. समृद्धीवर चढण्याआधी टाकी भरून घ्या, आत पंप आहेत पण अंतराअंतराने. टोल उतरताना अंतरानुसार कापला जातो, तेव्हा फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही लक्ष उडतं. दर दोन तासांनी चालक बदला किंवा थांबा, पण विश्रांतीच्या ठिकाणीच. कडेच्या पट्टीवर फोटोसाठी गाडी उभी करणं म्हणजे मागच्या ट्रकला आमंत्रण.

स्टेपनी
समृद्धीवर कारची मर्यादा १२० आहे. सात आसनी भरलेली गाडी १०० वरच ठेवा. काँक्रीट, वेग आणि कमी हवा हे तिन्ही एकत्र आले की टायर फुटतो. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत सतत दुमडते, त्यातून उष्णता वाढते आणि आतले थर सुटतात. त्यामुळे ‘लांब जायचंय, थोडी कमी हवा ठेवू’ हा पंपावरचा सल्ला ऐकू नका.
चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, त्यातला पूर्ण भाराचा घ्या. हवा थंड टायरमध्ये मोजा, म्हणजे निघायच्या आदल्या संध्याकाळी. धावल्यावर तीन-चार पीएसआय वाढलेले दिसतील, ते काढू नका.
टायरवर चार आकडी शिक्का असतो. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी चांगली दिसत असूनही टायर बदला. स्टेपनीचं वय आणि हवाही बघा, ती कुणीच बघत नाही.
सहा माणसं बसल्यावर डिकी उरत नाही. छतावर बॅगा बांधायच्या तर जड काही वर नको, ब्रेक आणि वळणावर गाडी डोलते.

सहलखोर
फारच उपयोगी! मोहर्ली आणि वर्धा मुक्काम नक्की करतोय. बाबांना सफारीच्या उघड्या जिप्सीत झेपेल का? आणि मोबाइलचं काय?

बांबूबन
जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाइड. तुम्ही बरोबर सहा, म्हणजे एक अख्खी गाडी तुमचीच. मागचं बाकडं चाकांच्या वर येतं, सगळे हादरे तिथे बसतात. आई-बाबांना पुढच्या बाकावर बसवा, कंबरपट्टा आणि पाठीला छोटी उशी द्या, चालकाला सुरुवातीलाच सांगा. तरी साडेतीन-चार तास कच्चा रस्ता आहे. बाबांना सोमवारी सकाळची एकच सफारी द्या आणि दुपारी आराम करू द्या.
पहाटे उघड्या गाडीत वारा बोचतो. कानटोपी, हातमोजे, वर जाकीट, सगळं अंगावर. नऊनंतर एकेक काढायचं. धुळीसाठी तोंडाला रुमाल.
मोबाइल कोअरमध्ये चालत नाही, तेव्हा मुलांना दुर्बीण द्या. ८×४२ (आठ पटीची) पुरते, १२ पटीची हातात थरथरते.
वाघ दाखवा म्हणून गाइडच्या मागे लागू नका. इंजिन बंद करायला सांगा आणि ऐका. चितळ उगाचही ओरडतं. सांबर एकाच दिशेला तोंड करून, पाय आपटत पुन्हापुन्हा ‘पोंक’ करत असेल तर तिथे थांबण्यात अर्थ आहे. झाडावरचं वानर त्याच दिशेला बघून खाकरत असेल तर वीस मिनिटं हलू नका. तेलिया, पांढरपवनी या पाणवठ्यांवर गाड्यांची गर्दी दिसली तर मागे राहिलेलं बरं. उन्हाळ्यात जनावर पाण्यावर येतंच, डिसेंबरात पाणी सगळीकडे असतं.

लेन्सकॅप
कॅमेरा असेल तर जिप्सीत ट्रायपॉड निरुपयोगी. जुन्या उशीच्या अभ्र्यात दोन किलो तांदूळ भरून जिप्सीच्या दांड्यावर ठेवा आणि त्यावर कॅमेरा टेका. लेन्स आत बदलू नका, सेन्सरवर बसलेली धूळ परत येईपर्यंत प्रत्येक फोटोत दिसेल.

स्टेपनी
परतीला डिझेल चंद्रपुरात भरा आणि निघण्याआधी हवा पुन्हा मोजा. कच्च्या पार्किंगमधल्या खिळ्याने हळूहळू गळणारा टायर गावातल्या रस्त्यावर कळत नाही, समृद्धीवर कळतो.

सहलखोर
मोहर्लीला रविवार दुपार आणि सोमवारच्या दोन्ही जागा मिळाल्या. टायर मार्च २०१९ चे निघाले, चारही बदलतोय.

स्टेपनी
पाचही.