समुद्र संवर्धनात करिअर करायचंय पण डायव्हिंग येत नाही, जमेल का?

निळाई:
झूलॉजीत बीएस्सी, शेवटचं वर्ष. लॅबमध्ये बसायचं नाहीये मला, किनाऱ्यावरच्या लोकांसोबत राहून प्रवाळ, खारफुटी, मासेमारी असं काम करायचंय. पण नेटवर शोधलं की एकतर पीएचडी मागतात नाहीतर आपणच पैसे भरून व्हॉलंटियर व्हा म्हणतात. पगारी नोकऱ्या खरंच असतात का आणि माणसं नेमकी कशासाठी घेतात? डायव्हिंग सोडा, मला धड पोहता पण येत नाही.

खारावारा:
असतात, पण मरिन बायोलॉजिस्ट म्हणून शोधलंस तर थोड्याच सापडतील. कम्युनिटी कोऑर्डिनेटर, फिशरीज फील्ड ऑफिसर असं टाकून बघ. मी अशाच टीममध्ये आहे, बरंचसं काम जमिनीवर चालतं, होड्या लागल्या की कुणाला काय किती मिळालं ते लिहायचं, माशांची लांबी मोजायची, मग बैठक, आणि बैठकीत जो सगळ्यात चिडलेला असेल त्याचं आधी ऐकायचं. मादागास्करच्या आंदावादोआका गावाबद्दल वाच. 2004 ला तिथं ऑक्टोपस पकडायची एक जागा काही महिने बंद ठेवली, ऑक्टोपस भराभर वाढतो ना, उघडली तेव्हा मोठे मोठे मिळाले, लोकांना फायदा दिसला आणि पुढे 2006 ला आसपासच्या गावांनी मिळून वेलोंद्रियाके हे स्वतःचं संरक्षित क्षेत्र केलं. आता जागा कुठली, किती महिने, कुणी चोरून पकडलं तर दंड कोण घेणार, हे गावाकडून ठरवून घेणं, हीच ती नोकरी.

लाल_खेकडा:
पगाराचं मी सांगतो. कॉन्ट्रॅक्ट प्रोजेक्टपुरतं, फंडिंग संपलं की घरी. त्यामुळे प्रपोजल आणि रिपोर्ट लिहिता येणारा माणूस टिकतो, कंटाळवाणं आहे पण खरंय. पैसे भरून व्हॉलंटियर होण्याआधी एवढंच विचार, तुमचा डेटा पुढे वापरतं कोण? उत्तर गुळमुळीत आलं तर ती सहल समज.

काठावरची:
मी मच्छिमार घरातली म्हणून जरा कडू बोलते. बाहेरची शिकलेली पोरं येतात, मोजतात, जातात. गस्तीच्या, मोजणीच्या नोकऱ्या आधी गावातल्यांना मिळू देत. फिलिपिन्सच्या आपो बेटावर 1982 ला अभयारण्य झालं त्याआधी सिलिमान विद्यापीठाच्या लोकांनी बेटावर चिकाटीने समजूत घातली होती, आणि राखण केली ती बेटकऱ्यांनीच. मेक्सिकोत काबो पुल्मोला पण तेच, 1995 ला राष्ट्रीय उद्यान झालं, 1999 ते 2009 मध्ये तिथल्या माशांचं एकूण वजन पाचपटीच्या वर गेलं, कारण तिथल्या मच्छिमार कुटुंबांनीच जाळी बाजूला ठेवली, त्यातले काही पुढे डायव्हिंगचे गाईड झाले.

निळाई:
मग बाहेरून येणाऱ्याने करायचं काय? आणि मास्टर्स कशात करू?

काठावरची:
हिशोब, नकाशे, सरकारी कागद, ह्यात आमची माणसं अडतात, तिथं ये की.

खारावारा:
मास्टर्स फिशरीजमध्ये कर किंवा सरळ सोशल वर्क, दोन्ही चालतं. क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) आणि एक्सेल आत्ताच शिकून घे, फुकटात होतं. खारफुटी आणि ओहोटीच्या खडकांवरच्या कामाला डायव्हिंग लागत नाही, प्रवाळांवर जायचं असेल तर ओपन वॉटर हे डायव्हिंगचं पहिलं सर्टिफिकेट लागेल, त्यात 18 मीटरपर्यंत उतरता येतं. पण पोहायला उद्यापासून लाग बाई, होडीत रोज बसायचंय तुला.