फ्रोझन अळुवडी बोटीनं दुबईला पाठवायची आहे, रीफर (माल गार ठेवणाऱ्या) कंटेनरचं कोणाला माहीत आहे का?

उचगावची_वहिनी

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ उचगावला आमचं छोटं युनिट आहे. अळुवडी, कोथिंबीर वडी, पुरणपोळी, सगळं फ्रोझन. पुण्या-मुंबईच्या दुकानांत माल जातो, दिवसाला साधारण चारशे किलो निघतो. आता दुबईचा एक आयातदार चाळीस फुटी रीफर भरून मागतोय.

एका फॉरवर्डरला, म्हणजे बोटीनं माल पाठवून देणाऱ्या एजंटाला, विचारलं तर म्हणाला, "ताई, मायनस अठराला सेट करून डबा दारात उभा करतो. तुम्ही नुसता माल भरा, गार करायचं काम त्याचं." खरं आमचा ब्लास्ट फ्रीजर (माल झटपट गोठवणारा) लहान आहे. घाईत माल मायनस आठ-दहालाच बाहेर काढावा लागतो, पुढं कोल्ड रूममध्ये सावकाश खाली उतरतो. तसाच भरला तर चालतं का?

आणि शिरोळला दिरांची हिरवी मिरची आहे. डब्यात जागा उरली तर चार क्रेट टाकू का, असं ते विचारतायत. घरातला मामला आहे, नीट कारण द्या म्हणजे मला सांगता येईल.

शिरोळचा_मळेकरी

वहिनी, मिरचीचं मी सांगतो. मायनस अठराला गेली की तिचा दगड होतो आणि दुबईत सुटली की चिखल. तिला साधारण 7 ते 10 डिग्री लागतात. त्याच्या खाली जास्त दिवस राहिली तर सालीवर खड्डे पडतात, आतलं बी तपकिरी होतं. शिवाय तोडलेली मिरची श्वास घेते, तिच्यासाठी कंटेनरची हवेची खिडकी थोडी उघडी ठेवतात. फ्रोझनला तीच खिडकी गच्च बंद लागते. दिरांना म्हणावं, वेगळा डबा बघा.

न्हावाशेवा_रिटर्न

वहिनी, मी उरणला रीफर यार्डात बरीच वर्षं काढली, आता कसबा बावड्यात असतो. त्या फॉरवर्डरचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग पण येत नाही. रीफर कंटेनर माल गार करत नाही. गार असलेला माल गार ठेवतो, एवढंच त्याचं काम. थंडी उचगावातच तयार व्हायला पाहिजे.

कारण असं. रीफरमध्ये गार हवा खालून येते. जमीन सपाट नसते, लांबीच्या दिशेनं अ‍ॅल्युमिनियमच्या नाळ्या असतात, त्यातनं हवा दारापर्यंत जाते, मग वर चढून छताखालनं मशीनकडं परत. फ्रोझन मालाचे बॉक्स एकमेकांना चिकटून रचतात, म्हणजे हवा थप्पीच्या भोवतीनं फिरते, आत शिरत नाही. भिंतीतनं येणारी उष्णता ती उचलून नेते. तुम्ही मायनस आठचा माल भरला तर कडेचे बॉक्स उतरतील, थप्पीच्या पोटातला माल तसाच राहील. दुबईच्या जेबेल अली बंदराला बोट चार-पाच दिवसांत पोचते, तेवढ्यात पोट गार होत नसतं. तिकडं पालिकेचे इन्स्पेक्टर डिस्प्लेवरचा आकडा बघून सोडत नाहीत, दोन बॉक्सच्या मधे प्रोब, म्हणजे थर्मामीटरची सुई, घालतात. आणि पाऊच हातात घेऊन हलवतात. आत सुटे बर्फाचे खडे वाजले की त्यांना कळतं, माल मधे एकदा सुटलाय आणि परत गोठलाय. अळुवडीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तरी तोच संशय.

म्हणून भरायच्या आधी पाच-सहा बॉक्स वेगवेगळ्या थप्प्यांतनं काढा, मधली वडी फोडून प्रोब खुपसा. गाभा मायनस अठरा किंवा खाली असेल तरच दार उघडा. भरताना मशीन बंद ठेवायचं. चालू ठेवलं तर आपल्याकडची दमट हवा आत ओढली जाते, कॉइलवर बर्फ धरतो आणि निम्मा प्रवास तो वितळवण्यात जातो. छताजवळ लाल रेघ असते, तिच्यावर बॉक्स नेऊ नका. कामगार हमखास नेतात. चार बॉक्स जास्त बसले की त्यांना बरं वाटतं.

आता हिशोब. चाळीस फुटी हायक्यूब (जास्त उंचीच्या) रीफरमध्ये 67 घनमीटरच्या आसपास जागा असते. डब्याला वीस टन धरले तर तुमच्या वेगानं ते जमायला पन्नास दिवस लागतील, आणि तेवढे दिवस तो सगळा माल मायनस अठराला धरून ठेवायचा. तेवढी कोल्ड रूम आहे का? वर वीज गेली की जनरेटर, आणि रात्री जनरेटर चालू झाला का हे बघायला माणूस. मी तुमच्या जागी असतो तर पहिली खेप पूर्ण डब्याची घेतलीच नसती. नवी मुंबईत मिक्स कंटेनर करणारे मर्चंट एक्सपोर्टर, म्हणजे दुसऱ्यांचा माल घेऊन बाहेर पाठवणारे व्यापारी, आहेत. कोणाची भेंडी, कोणाचा खवलेला नारळ, कोणाचे मोदक, सगळं फ्रोझन एकाच डब्यात जातं. त्यांना दोन-तीन टन द्या. नफा कमी, खरं झोप लागते.

उचगावची_वहिनी

दादा, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. मिरचीचं दिरांना वाचून दाखवलं, ते गप्प बसलेत. आयातदार मात्र मिक्सला तयार नाही, त्याला आमच्या नावाचाच डबा पाहिजे. वीस फुटी मिळतो का? विम्याचं काय? आणि लंडनचा भाचा म्हणतोय पुरणपोळी तिकडं पण पाठव.

न्हावाशेवा_रिटर्न

वीस फुटी मिळतो, 28 घनमीटरच्या आसपास. भाडं निम्मं नसतं, हे आधीच सांगतो.

विमा घेताना साधा मरीन घेऊ नका, फ्रोझन फूडचा क्लॉज मागा. त्यातही बारीक अक्षरात मेख आहे. मशीन बिघडून सलग 24 तास बंद पडलं असेल तरच बिघाडाचे पैसे मिळतात. बारा तास बंद, मग चालू, असं झालं तर हात चोळत बसायचं. म्हणून तापमान नोंदवत राहणारे स्वतःचे डेटा लॉगर टाका, एक दाराशी, एक थप्पीच्या मधे.

बुकिंगचा कागद स्वतः वाचा. तापमानाच्या आकड्यामागं मायनसचं चिन्ह आहे का बघा, शेजारी सेल्सिअस लिहिलंय का बघा. एकाचा मटार प्लस अठरावर उरणपर्यंत आलेला मी बघितलाय. दार उघडल्यावर जो वास आला तो लिहीत नाही. टायपिंग ऑफिसातल्या पोरानं केलेलं, सही मालकाची.

लंडनचं नंतर बघा. पुरणपोळीत तूप आलं, आणि दुधाचं काही असलेला पदार्थ युरोपच्या बाजूला घालणं फार अवघड. अळुवडीला ती अडचण नाही. शिवाय 2023 च्या अखेरीस लाल समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाल्यापासून बऱ्याच जहाज कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घातला, प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. दुबईचं लेबल मात्र आत्ताच उरका. अरबी मजकूर लागतो, तयार केल्याची आणि संपायची तारीख पाकिटावरच छापलेली हवी, आणि ते लेबल आयातदारानं तिकडं आधी नोंदवून घ्यायचं असतं.

कागल_ट्रेलर

वाहतुकीचं मी टाकतो. रिकामा डबा न्हावाशेवा बंदरातनं येणार, भरून परत जाणार, जाताना चारशेच्या आसपास किलोमीटर. ट्रेलरला जेनसेट (डब्याला वीज देणारा जनरेटर) लावलेलाच घ्या आणि त्याची डिझेलची टाकी निघताना स्वतः बघा. "वाटेत भरतो" यावर विश्वास ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये पहिली खेप तर अजिबात नको. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत शिरोलीजवळ हायवेवरच पाणी आलं, गाड्या जागेवर उभ्या होत्या. कोरडा माल असला तर उभं राहता येतं, रीफरवाल्याला डिझेल कुठनं आणायचं ही पंचाईत.

दुसरा मार्ग आहे, आमचे दोन पार्टीवाले तोच वापरतात. माल रीफर ट्रकनं नवी मुंबईजवळ तळोज्याच्या कोल्ड स्टोअरला न्यायचा, तिथं तपासून डॉकवर कंटेनरमध्ये भरायचा. डॉकला रबरी पडदा असतो, बाहेरची हवा लागत नाही. स्टोअरचं भाडं जातं, खरं बोट एक आठवडा पुढं ढकलली तर माल यार्डात प्लगचे, म्हणजे डबा विजेला जोडून ठेवायचे, पैसे भरत पडत नाही.

उचगावची_वहिनी

तळोज्याचं पटलं. आयातदाराला वीस फुटीचं विचारते, नाही म्हणाला तर मिक्सवालेच बघते. आमच्याकडं सोमवारी सुट्टी असते, तेव्हा कोल्ड रूममधला एकेक थर काढून प्रोब लावून बघणार आहे. दादा, प्रोब कुठला घ्यायचा, साधा पातळ सुईचा चालतो की गोठलेल्या मालाचा वेगळा येतो?

न्हावाशेवा_रिटर्न

पातळ सुई वाकते. जाड टोकाचा घ्या, आणि हातानं रेटू नका. छोट्या ड्रिलनं वडीत भोक पाडून मग घाला. ड्रिलचं पातं आधी फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर त्याचीच उष्णता मोजाल.